चौथ्या फेरीच्या पुढे

३ मे १९८६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या लहानशा शहरात झालेल्या एका लढतीचे चित्रण मी आजवर किती वेळा पाहिले असेल, याची मोजदाद नाही. लढत म्हणून ती फारशी देखणी नाही आणि मुष्टियुद्धातल्या थोर लढतींच्या यादीत तिला कोणी जागाही देणार नाही. एका कोपऱ्यात १९ वर्षांचा माइक टायसन आहे. व्यावसायिक झाल्यापासूनच्या चौदा महिन्यांत तो १९ लढती लढला आहे आणि एकोणीसच्या एकोणीस त्याने नॉकआउटने जिंकल्या आहेत. दुसऱ्या कोपऱ्यात जेम्स टिलिस आहे, २८ वर्षांचा, १९८१ मध्ये जगज्जेतेपदासाठी पंधरा फेऱ्या लढून हरलेला आणि तेव्हापासून उतरणीला लागलेला. चौथ्या फेरीच्या अखेरीस टिलिसचा एक मोठा ठोसा हुकतो, त्याचा तोल जातो आणि त्याच क्षणी टायसनचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, त्याला खाली बसवतो. इथपर्यंत सगळे नेहमीसारखे आहे. मग टिलिस उठतो, पाचवी फेरी होते, सहावी होते, सातवी होते आणि दहावीची घंटा वाजते तेव्हाही तो आपल्या पायांवर उभा असतो.

हे चित्रण मी आवाज बंद करून पाहतो. आवाज असला की प्रेक्षकांचा गलका आणि समालोचकांची घाई आपल्याला टिलिसच्या पडण्याची वाट पाहायला लावतात आणि मग मधली मिनिटे नुसती निघून जातात. मला तीच मिनिटे पाहायची असतात. आयुष्यात पहिल्यांदाच ज्याचा ठोसा पुरेसा ठरलेला नाही, असा एक मुलगा सातव्या फेरीत काय करतो, एवढाच माझा प्रश्न असतो. तो कधी पूर्वीसारखाच झेपावतो, कधी मिठी मारून दम घेतो, कधी एकच ठोसा टाकून थांबतो आणि नेहमीच्या तीन-चार ठोशांची माळ अर्धीच सोडून देतो. शेवटी पंचांचा निकाल एकमताने त्याच्या बाजूने लागतो, पण दोघांच्या कागदावर तो सहा-चार असा आहे. म्हणजे दोन फेऱ्यांचे अंतर. चौथ्या फेरीत टिलिसचा तोल गेला नसता आणि ती फेरी त्याच्याकडे गेली असती, तर त्या दोन कागदांवर बरोबरी दिसली असती.

हेवीवेट मुष्टियोद्ध्याच्या जडणघडणीत सुरुवातीच्या एखाद्या अवघड लढतीचे स्थान काय, याचा विचार करताना मी नेहमी या लढतीपाशी येऊन थांबतो. अशी लढत माणसाला धैर्य शिकवते, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. व्यावसायिक रिंगणात उतरणाऱ्या माणसाकडे धैर्य आधीपासूनच असते. नसते तर तो तिथवर पोहोचलाच नसता. अवघड लढत त्याला स्वतःविषयीची माहिती देते, आणि ती माहिती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही. त्या माहितीचे पुढे काय होते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा रिंगणाबाहेर ठरते.

हेवीवेट गटात ही माहिती इतकी दुर्मिळ का, हे थोडे समजून घ्यायला हवे. बहुतेक व्यावसायिक संघटनांच्या नियमांत २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९१ किलोंच्या वरचा माणूस हेवीवेट, आणि वजनाला वरची मर्यादा नाही. एवढ्या वजनाच्या माणसाचा नीट बसलेला एक ठोसा लढत संपवायला पुरतो. हलक्या गटातल्या तरुणाला आपली ताकद पुरत नाही, हे फार लवकर कळते; सहा किंवा आठ फेऱ्या लढल्याशिवाय त्याचे भागत नाही आणि त्या फेऱ्यांमध्ये तो नकळत ताकद हप्त्याहप्त्याने खर्चायला, अंतर राखायला, थकलेल्या पायांनी सरकायला शिकतो. जोरकस हेवीवेट तरुणाचे काम दुसऱ्या फेरीतच उरकते. त्याच्या नावापुढे विजय साचत जातात, त्याच्याभोवतीची माणसे वाढत जातात, पण सहाव्या फेरीत आपण कोण असतो हे त्याला ठाऊक नसते. सरावाच्या हॉलमध्येही ते कळत नाही. तिथे लढतीतल्या १० औंसांच्या ग्लोव्ह्जऐवजी जाड ग्लोव्ह्ज असतात, डोक्याला शिरस्त्राण असते, समोरचा जोडीदार पैसे घेऊन आलेला असतो आणि प्रशिक्षक हवे तेव्हा हात वर करून थांबवू शकतो. थांबवता येण्याची ती शक्यता शरीराला माहीत असते, आणि म्हणून शरीर तिथे कधीच संपूर्ण खरे बोलत नाही.

इथे माझ्या स्वतःच्या अनुभवाची एक चिमूट टाकतो, तिचे मोल तेवढेच आहे. तरुणपणी मी काही महिने मुष्टियुद्धाच्या वर्गाला जात होतो आणि एकदा मला दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या एका बऱ्यापैकी जाणत्या मुलासमोर उभे राहावे लागले. त्याने मला फारसे मारले नाही. त्याला गरजच पडली नाही. पहिल्या मिनिटात मी जे काही शिकलो होतो ते सगळे खर्च करून टाकले आणि त्यानंतर माझे खांदे इतके जड झाले की, हात हनुवटीपाशी ठेवणे हेच एक काम होऊन बसले. श्वास मी रोखून धरला होता, हे मला नंतर सांगण्यात आले. ठोशांपेक्षा मला घड्याळ जास्त लागले. भीतीनेही माणूस थकतो, आणि ते थकणे धावून, उड्या मारून किंवा पिशवीवर ठोसे मारून आधी अनुभवता येत नाही, एवढे मला त्या सहा मिनिटांत कळले. तीन मिनिटांच्या दहा फेऱ्या आणि समोर ९५ किलोंचा माणूस, ही कल्पना मी त्यानंतर जरा आदराने करतो.

टायसनकडे परत येऊ. टिलिसनंतर अवघ्या सतरा दिवसांनी, २० मे रोजी, तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिच ग्रीनसमोर उतरला आणि पुन्हा पूर्ण दहा फेऱ्या लढून गुणांवर जिंकला. मग १७ ऑगस्टला होसे रिबाल्टाविरुद्ध त्याने लढत थांबवली ती दहाव्या फेरीत. ही तिसरी लढत मला सर्वांत बोलकी वाटते. मे महिन्यात ज्याला दहाव्या फेरीत काय करायचे हे माहीत नव्हते, त्याच्या हातात ऑगस्टमध्ये दहाव्या फेरीतही लढत संपवण्याएवढा जोर शिल्लक होता. त्याला घडवणारे कस डमॅटो १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये वारले होते. कोपऱ्यात त्यांचाच शिष्य केव्हिन रूनी होता आणि टिलिसच्या लढतीतून काय घ्यायचे हे ठरवणारे एक शिस्तीचे घर अजून शाबूत होते. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून टायसन २० व्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हा कोणालाही टिलिसची आठवण झाली नसणार. पण तसे पाहिले तर टिलिसने त्याला लांबी शिकवली, मागे पडणे शिकवले नाही. दहा फेऱ्या आघाडीवर राहून काढणे आणि दहा फेऱ्या मार खात काढणे यांत फरक आहे. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लससमोर टायसनवर ही दुसरी वेळ आली, तेव्हा रूनी कोपऱ्यात नव्हता आणि सुजलेल्या डोळ्यावर दाबायचे थंड लोखंडही त्या कोपऱ्याकडे नव्हते. बर्फाचे पाणी भरलेला रबरी हातमोजा डोळ्यावर धरला जात होता. दहाव्या फेरीत तो पडला.

अवघड लढत नेमके काय शिकवते, हे ती किती अवघड होती यापेक्षा ती कोणत्या अंगाने अवघड होती यावर ठरते. १९६३ च्या १३ मार्चला तेव्हाचा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, डग जोन्सविरुद्ध लढला. चार फेऱ्यांत संपवीन, असे भाकीत त्याने केले होते. लढत दहाही फेऱ्या चालली, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याचे अंग फारसे दुखावले नसेल, पण आपल्या बोलण्याने लढत आखली जात नाही, हे त्याला हजारो लोकांनी एकाच वेळी ओरडून सांगितले. तीन महिन्यांनी लंडनमध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हुकने त्याला चौथ्या फेरीच्या शेवटी दोरांपाशी खाली बसवले, तो धडा निराळा होता. आणि पुढच्या फेब्रुवारीत जगज्जेत्या सनी लिस्टनसमोर उभा राहिलेला क्ले हा या दोन्ही रात्री पाहून आलेला होता.

जो लुइसचे उदाहरण आणखी सरळ आहे. १९ जून १९३६ रोजी यांकी स्टेडियममध्ये मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केले, तेव्हा लुइस २२ वर्षांचा आणि अपराजित होता. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकल्यावर लुइसचा डावा हात खाली येतो, हे श्मेलिंगने आधीच हेरले होते आणि रात्रभर त्या एकाच फटीतून त्याने आपला उजवा हात घातला. दोष दिसला, त्याला नाव मिळाले, आणि लुइसचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न याच्यासारख्या जुन्या मुरलेल्या माणसाला पुढचे काम सांगावे लागत नाही. दोन महिन्यांत लुइस पुन्हा रिंगणात होता, वर्षभरात जगज्जेता होता आणि १९३८ च्या जूनमध्ये श्मेलिंगबरोबरची दुसरी लढत त्याने पहिल्याच फेरीत संपवली.

सगळेच धडे इतके वाचनीय नसतात. व्लादिमीर क्लिच्कोचा तर मुळीच नव्हता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचे सुवर्णपदक, त्यानंतर २४ लढती, २४ विजय; आणि ५ डिसेंबर १९९८ रोजी कीव्हमध्ये, स्वतःच्या माणसांसमोर, २२ वर्षांचा हा उंचापुरा तरुण रॉस प्युरिटी नावाच्या अमेरिकन मुष्टियोद्ध्याविरुद्ध उतरला. प्युरिटीच्या नावापुढे त्या दिवशी तेरा पराभव होते. अशी माणसे या व्यवसायात ठेवणीतली असतात. त्यांना बोलावले जाते ते होतकरू तरुणाच्या खात्यात काही फेऱ्या जमा व्हाव्यात म्हणून. क्लिच्कोने सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याला मनसोक्त मारले. प्युरिटी पडला नाही. मग हळूहळू क्लिच्कोचे हात उतरू लागले, पाय जमिनीला चिकटू लागले आणि अकराव्या फेरीत त्याचा प्रशिक्षक फ्रिट्झ झ्दुनेक स्वतः रिंगणात शिरून लढत थांबवता झाला. प्युरिटीने त्याला हरवले असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. तो केवळ शिल्लक राहिला आणि क्लिच्को स्वतःच संपला.

या पराभवाचा अर्थ काय लावायचा? दमसास कमी पडला, हे उत्तर कोणीही देईल आणि ते खोटेही नाही. पण दमसास वाढवून प्रश्न सुटला असता, तर १० एप्रिल २००४ ची लास व्हेगसमधली रात्र आली नसती. त्या रात्री लॅमन ब्रूस्टरला क्लिच्कोने चौथ्या फेरीत खाली पाडले, त्याला जवळजवळ संपवले, आणि पाचव्या फेरीच्या अखेरीस तोच क्लिच्को गळून पडला. प्युरिटीच्या लढतीला तोवर पाच वर्षे उलटून गेली होती. मधल्या काळात त्याने जागतिक किताब मिळवला आणि गमावलाही होता. तरीही जुना प्रश्न जसाच्या तसा परत आला. माझ्या समजुतीप्रमाणे कीव्हमधल्या लढतीने दाखवलेली गोष्ट फुप्फुसांविषयी नव्हती. समोरचा माणूस पडत नाही हे दिसल्यावर क्लिच्को अधिक जोरात मारू लागायचा आणि जितके जोरात मारायचा तितका अधिक घाबरायचा. त्याचा श्वास त्या चढाओढीत संपायचा.

हे दुरुस्त झाले ते इमॅन्युएल स्टीवर्ड यांच्या हाताखाली. ब्रूस्टरच्या लढतीपासून ते त्याच्या कोपऱ्यात आले होते, म्हणजे सुरुवात पराभवानेच झाली. स्टीवर्ड यांनी त्याला अधिक शूर केले नाही, उलट अधिक कंजूष केले: डाव्या हाताचा लांब जॅब, समोरचा जवळ आला की लगेच मिठी, आणि उजवा हात अगदी हवा तेव्हाच. २००५ च्या सप्टेंबरमध्ये सॅम्युएल पीटरने त्याला तीन वेळा खाली पाडले आणि तरीही बारा फेऱ्यांनंतर क्लिच्को गुणांवर जिंकला. तिन्ही वेळा उठल्यावर तो घाईने सूड उगवायला धावला नाही, पुन्हा जॅबकडे वळला. १९९८ चा धडा २००५ मध्ये पाठ झाला, असे मी मानतो. त्यानंतर २००६ पासून २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत त्याचे राज्य अबाधित राहिले. पाहणाऱ्यांना ते राज्य कंटाळवाणे वाटले, मलाही कित्येकदा वाटले. पण त्या कंटाळ्याच्या मुळाशी प्युरिटी होता, हे ध्यानात आल्यापासून मी त्या लढतींकडे थोड्या ममतेने पाहतो.

आता एका घराण्याची गोष्ट सांगायला हवी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता जो फ्रेझियर २१ सप्टेंबर १९६६ रोजी आपली बारावी व्यावसायिक लढत लढत होता. समोर अर्जेंटिनाचा ऑस्कर बोनाव्हेना होता, बांध्याने ओबडधोबड आणि लढण्याची रीत त्याहून ओबडधोबड. दुसऱ्या फेरीत त्याने फ्रेझियरला दोनदा खाली पाडले. एकाच फेरीत तिसऱ्यांदा पडला तर लढत संपली, असा तिथला नियम होता. म्हणजे फ्रेझियरची सारी कारकीर्द त्या फेरीच्या उरलेल्या सेकंदांवर टांगलेली होती. तो तगला आणि दहा फेऱ्यांनंतर पंचांच्या विभागलेल्या निकालाने जिंकला. पुढे त्याची ओळख झालेला तो अखंड, खाली वाकून पुढे सरकत राहणारा मारा पाहताना मला नेहमी वाटते, की थांबलो तर पडतो, हे त्याच्या अंगाने त्या फेरीत ऐकले असावे.

या माणसाला मुलगा होता, मार्व्हिस. तोही हेवीवेट, तोही हौशी मुष्टियुद्धात नावाजलेला, आणि त्याचे व्यवस्थापन व प्रशिक्षण वडिलांच्याच हातात होते. २५ नोव्हेंबर १९८३ रोजी, दहा विजय मिळवलेल्या मार्व्हिसला त्याच्या अकराव्या लढतीत थेट लॅरी होम्ससमोर, म्हणजे त्या काळच्या सर्वांत समर्थ जगज्जेत्यासमोर उभे करण्यात आले. पहिल्याच फेरीत होम्सचा उजवा हात बसला आणि मग दोरांपाशी मार खाणाऱ्या त्या पोराकडे बोट दाखवत स्वतः होम्सच पंचाला थांबवायची खूण करू लागला. पुढे मार्व्हिसने अनेक चांगल्या माणसांना हरवले. १९८६ च्या जुलैत टायसनने त्याला तीस सेकंदांत संपवले. कारकिर्दीअखेर त्याचा हिशेब १९ विजय आणि दोन पराभव असा आहे, जो दुसऱ्या कुणाच्या नावापुढे असता तर आपण त्याला उत्तम म्हटले असते.

वडिलांनी असे का केले, हे मला सांगता येणार नाही. पण ज्या माणसाला बाराव्या लढतीत आगीतून जाऊन सोने मिळाले, त्याला आग म्हणजेच सोने वाटू लागणे अशक्य नाही. बोनाव्हेना अवघड होता, तरी फ्रेझियरच्या आवाक्यातला होता. त्याच्याविरुद्ध उठून लढायला आठ फेऱ्या उरल्या होत्या. होम्ससमोर मार्व्हिसला शिकायला तीन मिनिटेही मिळाली नाहीत. लढत इतकी मोठी असावी की प्रश्न खरा पडावा, आणि इतकीच मोठी असावी की उत्तर शोधायला वेळ उरावा; योग्य प्रतिस्पर्धी निवडणारा मॅचमेकर या दोन टोकांमधली चिंचोळी जागा शोधत असतो. ड्युएन बोबिक १९७७ मध्ये ३८ विजय घेऊन केन नॉर्टनसमोर गेला आणि ५८ सेकंदांत बाहेर पडला. अडतीस लढतींत त्याला कोणी प्रश्न विचारला नव्हता आणि विचारला तेव्हा सगळे प्रश्न एकदम विचारले गेले.

कठीण लढतींचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या हेवीवेट अंतिम लढतीत स्वीडनचा १९ वर्षांचा इंगेमार योहान्सन लढतच नाही, असे ठरवून पंचाने त्याला दुसऱ्या फेरीत बाद केले. समोरच्या धिप्पाड माणसाला आपण थकवत होतो, असे तो पुढे सांगत राहिला. पण त्याला रौप्यपदकही नाकारले गेले आणि ते त्याच्या हाती पडायला १९८२ उजाडले. भित्रा म्हणून हिणवल्या गेलेल्या या मुलाने १९५९ मध्ये फ्लॉइड पॅटरसनला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडून जगज्जेतेपद घेतले. ही कथा सांगायला सोपी आणि ऐकायला गोड आहे. हेलसिंकीत त्याच्या समोरच्या कोपऱ्यात मात्र एड सँडर्स होता, ज्याला त्या दिवशी सुवर्णपदक मिळाले. सँडर्स १९५४ मध्ये व्यावसायिक झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनमध्ये, आपल्या नवव्या लढतीत, अकराव्या फेरीत कोसळला. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. त्याचे वय २४ होते. नऊ महिन्यांत नऊ लढती आणि नवव्या लढतीतच लांब पल्ल्याच्या फेऱ्या, हा हिशेब कोणी तरी मांडला होता, कोणी तरी त्यावर सही केली होती. ‘मार खाऊनच माणूस घडतो’ हे वाक्य कानावर आले, की मला सँडर्स आठवतो आणि मी ते वाक्य पुढे ऐकत नाही.

म्हणूनच डॅनियल दुबुआची गोष्ट मला आजच्या काळातली सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. २८ नोव्हेंबर २०२० रोजी लंडनमध्ये, साथीच्या काळातल्या प्रेक्षकविरहित सभागृहात, १५ विजय मिळवलेला २३ वर्षांचा दुबुआ रिओ ऑलिंपिकच्या रौप्यविजेत्या जो जॉइसविरुद्ध लढला. जॉइसचा जॅब पुन्हापुन्हा त्याच्या डाव्या डोळ्यावर बसत राहिला आणि डोळा मिटत गेला. दहाव्या फेरीत आणखी एक जॅब बसला. दुबुआने गुडघा टेकला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत तो तसाच राहिला. डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले होते, तिथल्या मज्जातंतूंनाही इजा झाली होती. तरीही ‘त्याने हार पत्करली’ ही टीका त्याच आठवड्यात सुरू झाली, आणि ती करणाऱ्यांत स्वतः ग्लोव्ह्ज घातलेली माणसेही होती. त्या सभागृहात प्रेक्षक असते, आरडाओरडा असता, तर तो उठला असता का आणि उठला असता तर त्या डोळ्याचे काय झाले असते, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. माझे मत स्पष्ट आहे: गुडघा टेकून त्याने डोळा वाचवला आणि डोळ्याबरोबर कारकीर्दही वाचवली.

पण मत माझे होते, आयुष्य त्याचे. शिक्का बसायचा तो बसला. २०२२ च्या डिसेंबरात केव्हिन लेरेनाविरुद्ध तो पहिल्याच फेरीत तीनदा खाली गेला, गुडघा दुखावलेला, आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफ येथे जगज्जेत्या ऑलेक्सांद्र उसिकसमोर नवव्या फेरीत तो पुन्हा गुडघ्यावर बसून मोजला गेला आणि जुनी टीका दुप्पट आवाजात परत आली. मधल्या वर्षांत त्याने प्रशिक्षक बदलले. मग काही तरी हलले. २०२३ च्या डिसेंबरात जॅरेल मिलरसारख्या अवाढव्य माणसाला त्याने शेवटच्या, दहाव्या फेरीत थांबवले. जून २०२४ मध्ये फिलिप ह्र्गोविचचे उजवे ठोसे पहिल्या फेऱ्यांत खाऊन त्याने आठव्या फेरीत लढत जिंकली. आणि २१ सप्टेंबर २०२४ रोजी वेम्ब्लीत अँथनी जोशुआचा जबरदस्त उजवा पाचव्या फेरीत बसला, दुबुआ मागे ढकलला गेला, आणि जोशुआ संपवायला पुढे आला त्याच क्षणी त्याच्या आतून दुबुआचा उजवा हात निघाला. जोशुआ उठू शकला नाही. टीव्हीसमोर मी त्या ठोशापेक्षा त्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद पाहत होतो, कारण २०२० पासून ज्या प्रश्नाची चर्चा चालली होती, तो प्रश्न तिथे होता. मार लागला आहे, डोके हलले आहे, आता काय?

२०२५ च्या जुलैत उसिकने त्याला पुन्हा, पाचव्या फेरीत, हरवले. म्हणजे हिशेब नीट जुळत नाहीच. कुणी एकदा घडला म्हणून पुढच्या रात्री त्याला सूट मिळत नाही, आणि उसिकसारखा माणूस समोर असताना तर नाहीच. तरीही जॉइसच्या लढतीपासून जोशुआच्या लढतीपर्यंतची ती चार वर्षे मला एका लांबलेल्या उत्तरासारखी दिसतात. डेव्हिड प्राइसला ती वर्षे मिळाली नाहीत. बीजिंग ऑलिंपिकचा हा कांस्यविजेता १५ लढती जिंकून २०१३ च्या फेब्रुवारीत टोनी थॉम्पसनकडून दुसऱ्या फेरीत हरला आणि पाच महिन्यांच्या आत त्याच माणसासमोर परत उभा केला गेला. पाचव्या फेरीत पुन्हा हरला. पहिल्या पराभवाचा अर्थ लागण्याआधी दुसरा पदरात पडला. घाईघाईच्या परतलढतीला लोक मर्दुमकी म्हणतात. मला तीत कोपऱ्यातल्या माणसांची अस्वस्थता दिसते, लवकरात लवकर तो डाग धुऊन टाकायची.

हे सगळे लिहिताना मला जाणवते, की मी अजूनही तरुणांच्याच बाजूने पाहतो आहे. परीक्षा देणारा लक्षात राहतो आणि परीक्षक विसरला जातो. जेम्स टिलिसने १९८५ मध्ये मार्व्हिस फ्रेझियरला दहा फेऱ्या दिल्या, १९८६ मध्ये टायसनला दिल्या, १९८७ मध्ये लंडनला जाऊन फ्रँक ब्रुनोकडून पाचव्या फेरीत हरला. १९८५ ते १९८८ ही चारही वर्षे कुणा ना कुणाच्या उमेदवारीत त्याचे नाव आहे. १६ जुलै १९८८ रोजी त्याच्यासमोर इव्हँडर होलीफील्ड आला. हेवीवेटच्या लगेच खालचा क्रूझरवेट गट काबीज करून हेवीवेटमध्ये येत असलेल्या होलीफील्डची तिथली ही पहिलीच लढत होती. पण होलीफील्डची अवघड परीक्षा दोन वर्षांपूर्वीच, अटलांटात ड्वाइट मुहम्मद कावीविरुद्धच्या पंधरा फेऱ्यांत, होऊन गेलेली होती. त्या रात्रीनंतर अंगातले पाणी आटल्यामुळे त्याला रुग्णालयात न्यावे लागले होते. टिलिसकडे त्याला विचारण्यासारखे नवीन फारसे उरले नव्हते. पाचवी फेरी संपली, एक मिनिट गेले, आणि सहाव्या फेरीसाठी टिलिस आपल्या स्टुलावरून उठला नाही.